दोन बोटं खाली

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. भिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्रावर धरायचं, दांडीचं, गोल भिंग येत असेल. ते आमच्यातलं बडं प्रस्थ. मी लांबीला तांदळाच्या कणीएवढा, आणि जाडीला तर तिच्याहूनही कमी. कुणी जोरात शिंकलं तर मी सापडणार नाही. एका शिकाऊ मुलीने खरोखरच शिंकून माझी तीन भावंडं घालवली होती. ती अजून त्या खोलीतल्या कुठल्या तरी फटीत पडून असतील. मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं आमच्या कुळाबद्दल बोललं जातं. त्यातलं मूर्तीचं तेवढं माझ्या बाबतीत खरं ठरलं.

दुसरी गोष्टही आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर दचकायला नको. मला भूत लागलं होतं. हे मी गमतीने म्हणत नाही. आमच्या धंद्यात भूत हा रोजचा शब्द आहे. भिंगातून जी रेघ पडायला हवी तिच्याशेजारी एखादी फिकट, नको असलेली रेघ पडली, की तिला भूत म्हणतात. ‘याला भूत आहे’ असं कुणी म्हटलं की तो नग बाद. पण माझं भूत नुसतं धंद्यातलं नव्हतं. ते एका बाईचं होतं, आणि मी तिला चांगला ओळखत होतो.

माझा जन्म भट्टीत झाला. आधी हातभर लांबीची काचेची कांडी घासून अगदी नेमक्या आकाराची करतात, एक अंग सपाट आणि दुसरं फुगीर. मग ती भट्टीत मऊ करून खाली ओढतात. साखरेच्या पाकाची तार काढावी तशी ती लांबत जाते, बारीक होत जाते, पण नवल असं की आकार तोच राहतो. त्या लांब तारेचे तुकडे पाडले, त्यातला एक मी. पुढे माझ्या अंगावर एक पातळ लेप चढवला. त्यामुळे उजेड माझ्यावर आपटून परत न जाता निमूट आरपार जातो. तिरपं धरलं तर मी जांभळट दिसतो. लहानपणी मला त्याचा भारी गर्व होता.

आता माझं काम ऐका. लेझर म्हटलं की सुईसारखा सरळ किरण, असं तुम्हाला वाटतं. पण आमच्या लेझरची चिप मोहरीएवढी असते आणि तिच्यातून निघणारा उजेड मुळीच सरळ नसतो. शाळा सुटल्यावर फाटकातून पोरं पांगावीत तसा तो पांगतो. आडवा जरा कमी, उभा फारच. त्याच्या तोंडाशी, एका केसाच्या अंतरावर, मला बसवतात. उभा पांगणारा उजेड मी गोळा करून सरळ करतो आणि आडव्याला त्याच्या मनासारखं जाऊ देतो. मग समोरच्या भिंतीवर पडते एक लांब, बारीक, लाल रेघ.

आमच्या कारखान्यातल्या रेघा इस्पितळांत जात. कॅन्सरवर किरणांचे उपचार करतात ना, त्या खोलीत. तिथे रोग्याला टेबलावर निजवतात, दिवे मंद करतात, आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून आणि छतावरून अशा लाल रेघा त्याच्या अंगावर पाडतात. कातडीवर काढलेल्या खुणांवर रेघा तंतोतंत बसल्या की मगच मोठं यंत्र सुरू होतं. त्या यंत्राचे किरण कुणाला दिसत नाहीत. दिसते ती फक्त रेघ. रेघ चुकली तर किरण गाठ सोडून भलत्याच जागी लागणार. म्हणून आमच्याकडे सगळं डोळ्यांत तेल घालून करायची रीत होती.

मी कामाला लागलो ती बिनधुळीची खोली होती. पिवळे दिवे, पांढरे डगले, डोक्यावर टोप्या, तोंडावर मास्क. सगळी माणसं सारखीच दिसत, म्हणून मी त्यांना हातांवरून ओळखायचो. तिथे दोघी सख्ख्या बहिणी शेजारीशेजारी बसत. त्यांना सगळे थोरली आणि धाकटी म्हणत. कारखान्याच्या मालकीणबाईंनासुद्धा त्यांची खरी नावं आठवायला हजेरीची वही उघडावी लागली असती. थोरलीचे हात कोरडे आणि शांत होते. तिने चिमट्यात धरलं की भीती वाटत नसे. धाकटीचे हात चपळ, बारीक, पण मधूनच घाई करणारे. बावीस वर्षांपूर्वी थोरलीनेच तिला इथे आणलं आणि हाताला धरून शिकवलं. घरी दोघींचं एखाद्या पातेल्यावरून वाजलं की इथे चिमट्यांवरून अबोला चाले, आणि मोजणीकाकांना इकडचा निरोप तिकडे करावा लागे. मोजणीकाका म्हणजे तयार रेघा मोजून त्यावर सही करणारे म्हातारे गृहस्थ. तीन फुटांवर बसलेल्या बायकांचे निरोप पोचवण्याचा आपल्याला भत्ता मिळायला हवा, असं ते म्हणत.

थोरलीने धाकटीला पहिल्या दिवशी शिकवलेला शब्द होता ओढ. चिपसमोर आम्हाला ग्लूच्या एका थेंबावर बसवतात. हा ग्लू पिवळ्या उजेडात ओलाच राहतो आणि जांभळा दिवा दाखवला की घट्ट होतो. पण घट्ट होताना तो आकसतो आणि भिंगाला जरासं खाली ओढतो. जरासं म्हणजे केसाच्या दहाव्या हिश्शाएवढं. तेवढ्यानेही समोरच्या भिंतीवरची रेघ दोन बोटं खाली येते. म्हणून आधी रेघ खुणेवर आणायची, मग स्क्रू फिरवून ती दोन बोटं वर न्यायची, आणि मगच जांभळा दिवा दाखवायचा. रेघ आपल्या पायांनी खाली येते आणि खुणेवर बसते. याला त्या ओढ धरणं म्हणत.

“ग्लूला ओढ असतेच गं,” थोरली सांगायची. “नाही म्हणून चालत नाही. तिच्यापुरती जागा आधीच सोडायची.”

मग थोरली आजारी पडली. ज्या खोल्यांसाठी तिने आयुष्यभर रेघा बसवल्या, त्याच खोल्यांमधला आजार. दीड महिना ती सकाळी इस्पितळातल्या टेबलावर जाऊन पडायची आणि दुपारी येऊन आमच्यासमोर बसायची. तिला सारखी थंडी वाजे. एक राखाडी लोकरीचा स्वेटर ती घालून येई, पण खोलीबाहेरच्या खुंटीवर तो टांगूनच आत पाऊल टाकी. आत लोकर आणायला सक्त मनाई होती, कारण लोकरीचा एक तंतू आमच्यापुढे दोरखंडासारखा असतो. कुडकुडत का होईना, थोरलीने तो नियम एकदाही मोडला नाही.

त्या दुपारी तिने मला चिमट्याने उचललं, थेंबावर ठेवलं आणि मला धरलेल्या पकडीचे स्क्रू हळूहळू फिरवले. समोरच्या भिंतीवर माझी पहिलीवहिली रेघ उमटली. ती वर गेली, खाली आली, खुणेवर स्थिर झाली. खुणेवर आणणं झालं होतं. ओढ धरणं राहिलं होतं. थोरलीचा हात पुन्हा स्क्रूकडे गेला आणि मध्येच थांबला. तिने टेबलाची कड धरली. थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग तिने माझ्यावर पिवळं झाकण ठेवलं आणि धाकटीकडे वळली.

“हे हलवू नकोस हं,” ती म्हणाली. “मी आले की बघते.”

तिचा नवरा तिला न्यायला आला. ती गेली ती गेलीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इस्पितळात तिने डोळे मिटले.

मी झाकणाखाली होतो. ओल्या थेंबावर, अर्धवट, ना वर धरलेला ना खाली बसलेला. तिच्या हाताची ऊब माझ्यात राहिली होती असं मी म्हटलं तर मोजणीकाका हसतील आणि एवढीशी काच ऊब कुठे धरते, असं विचारतील. पण मी वाट पाहत होतो हे खरं आहे. रोज सकाळी दार वाजलं की मला वाटे, आली. पावलं जवळ येत आणि दुसरीकडे जात. झाकणाखालच्या पिवळ्या अंधारात दिवस मोजता येत नाहीत, आणि मला तर कुणी ती गेल्याचं सांगितलंही नव्हतं. ते मी बायकांच्या कुजबुजण्यावरून जुळवलं. तरीसुद्धा ‘मी आले की बघते’ हे माझ्या कानांतून जाईना.

आठवड्याभराने धाकटी कामावर आली. डगल्याच्या आत तिने थोरलीचा स्वेटर घातला होता. बाहीची राखाडी लोकर मनगटापाशी बोटभर बाहेर डोकावत होती. ते सगळ्यांना दिसलं आणि कुणीच बोललं नाही. एरवी केसाची एक बट टोपीबाहेर आली तरी घर डोक्यावर घेणाऱ्या मालकीणबाईंनीही मान फिरवली. त्यांना तिची दया आली होती. पण दयाही धुळीसारखीच असते, ती कुठे जाऊन बसेल ते सांगता येत नाही.

तीन दिवस धाकटी रोज झाकण काढायची, रेघ लावून बघायची, ती खुणेवर आहे याची खात्री करायची आणि झाकण परत ठेवायची. तिसऱ्या दिवशी तिची बाही माझ्यावरून गेली आणि एक राखाडी तंतू सुटला. मी त्याला येताना पाहिलं. घाई नसल्यासारखा, जागा शोधत असल्यासारखा तो तरंगत खाली आला आणि माझ्या पायाशी ओल्या ग्लूत रुतला. त्याचं एक टोक माझ्या तोंडासमोर आलं. मला ओरडता आलं असतं तर मी तेव्हा ओरडलो असतो.

चौथ्या दिवशी मालकीणबाई तिच्याजवळ येऊन हळू आवाजात बोलल्या. इस्पितळाचे तीन नग अडकले आहेत, पकड मोकळी करायला हवी. तुला होत नसेल तर दुसरी कुणी हे पुसून नव्याने लावेल. पुसून हा शब्द ऐकताच धाकटी ताठ झाली. मीच लावते, म्हणाली.

ती ओढ विसरली होती, असं तुम्ही समजू नका. बावीस वर्षं तिने रोज ओढ धरली होती. पण स्क्रू फिरवायचा म्हणजे ताईने ठेवलेलं हलवायचं, आणि ताईचे तिच्याशी बोललेले शेवटचे शब्द होते, हलवू नकोस. तिने स्वतःची समजूत घातली की थेंब इतके दिवस राहून दाट झालाय, आता ओढणार नाही. मग ताईने थोडी ओढ धरलीच असेल, असंही पुटपुटली. आणि तिने आपल्या टेबलावरचे दिवे घालवून जांभळा दिवा दाखवला.

ग्लू आकसला. मी खाली ओढला गेलो. भिंतीवरची रेघ खुणेवरून घसरली आणि तिच्या डोळ्यांदेखत दोन बोटं खाली जाऊन थांबली. आणि जिथून ती घसरली होती तिथे, बरोबर खुणेवर, एक दुसरी रेघ उरली. फिकट, धूसर, जेमतेम दिसेल अशी. त्या तंतूवर आपटून वर गेलेला तो उजेड होता, दुसरं काही नव्हतं. पण धाकटीला वाटलं की ताई अजून खुणेवर बोट ठेवून उभी आहे.

“ताई,” ती म्हणाली.

आमच्याकडे नियम असा की बाद झालेला नग लोखंडी पाटावर ठेवून हातोडीने फोडायचा, म्हणजे चुकूनही कुणी तो परत वापरू नये. धाकटीने हातोडी उचलली नाही. तिने मला धातूच्या घरात बसवलं आणि ते घरच किंचित तिरकं केलं. ठळक रेघ खुणेवर आली. मग भूत साहजिकच तिच्या दोन बोटं वर गेलं. ते काही केल्या निघण्यातलं नव्हतं.

रेघ मोजायची ती पडदे ओढून, दिवे घालवून. उजेडात भूत दिसत नाही, एवढं तर खोली झाडणारा माणूसही जाणतो. मोजणीकाका उठून बटणाकडे गेले तेव्हा धाकटी म्हणाली, “दिवा असू दे काका. डोळे दुखतायत.”

काकांनी तिच्याकडे पाहिलं, मनगटापाशी डोकावणाऱ्या लोकरीकडे पाहिलं, भिंतीवरच्या रेघेकडे पाहिलं. लख्ख उजेडात रेघ एकच होती आणि सरळ होती. त्यांनी सही केली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तसा मी दुहेरी खोक्यात झाकला गेलो आणि बाहेरच्या फळीवर जाऊन बसलो. बाकीचे दोन नग तयार झाले की तिन्ही मिळून इस्पितळात जाणार होते.

मित्रांनो, त्या खोक्यातले दिवस मी कधी विसरणार नाही. न पाहिलेलं ते टेबल मला अंधारात दिसायला लागलं. दिवे मंद होतायत, कुणीतरी सदरा काढून उताणं पडलंय, आणि मी त्याच्या उघड्या अंगावर रेघ पाडतोय. एक नाही, दोन. पाडणारा मी आणि माझ्या आडून पाडणारी ती. टेबलाजवळची मुलगी थबकते आणि दोन्हींकडे पाहते. दर वेळी टेबलावरचा चेहरा वेगळा असे. एकदा तो थोरलीचाच होता.

बाहेर धाकटीचीही गत काही निराळी नव्हती. चोराच्या मनात चांदणं. दाराच्या चौकटीची कड तिला दोनदा दिसायला लागली, वहीतली ओळ दोनदा दिसायला लागली. ही फळी सरळ आहे ना गं, असं तिने एकीला दोन वेळा विचारलेलं मी खोक्यातून ऐकलं. जेवणाच्या सुट्टीत ती फळीपाशी येऊन नुसती उभी राहायची आणि परत जायची.

आठव्या दिवशी थोरलीचा नवरा आला. तिच्या कपाटाची किल्ली आणि धुतलेले दोन डगले परत द्यायला. धाकटीने त्याला फळीजवळच्या बाकावर बसवलं, चहा दिला. तो मितभाषी माणूस होता. चहा अर्धा झाल्यावर त्याने विचारलं की यात तिच्या हातचं काही आहे का. धाकटीने माझ्या खोक्याकडे बोट केलं. त्याने उठून खोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मग तो सांगू लागला. उपचारांच्या पहिल्या दिवशी थोरली टेबलावर पडली आणि एकदम घाबरली, कारण तिच्या अंगावर रेघा दोन दिसत होत्या. थांबा, रेघा दोन आहेत, असं ती एवढ्या जोरात म्हणाली की बाहेर बसलेल्या त्यालाही ऐकू गेलं. तिथली मुलगी समजूतदार होती. तिने शोधून काढलं की दुसरी रेघ टेबलाच्या स्टीलच्या कठड्यावरून परत येतेय. कठड्यावर कापड टाकलं आणि रेघ एक झाली, तेव्हा कुठे थोरलीचा जीव भांड्यात पडला.

“बाहेर आल्यावर काय म्हणाली ठाऊक आहे, धाकटे?” तो म्हणाला. “तिथे पडलं ना, की डॉक्टर आठवत नाही आणि नवरा तर नाहीच नाही. माणूस नुसता त्या रेघेवर भरवसा टाकून पडतो. म्हणाली, रेघ बारीक होती, म्हणजे धाकटीच्या हातची असणार. म्हणून निवांत पडले.”

‘नवरा तर नाहीच नाही’ म्हणताना तो जरा हसला होता. धाकटी हसली नाही. तो गेला. ती उष्टा कप हातात धरून तशीच बसून राहिली. मग उठली, स्वेटर काढला, बाहेरच्या खुंटीवर टांगला, डगला चढवला. मला फळीवरून उतरवलं आणि सरळ मोजणीकाकांसमोर नेऊन ठेवलं.

“काका, दिवे घालवा,” ती म्हणाली.

पडदे ओढले गेले. दिवे गेले. भिंतीवर रेघा दोन होत्या. एक ठळक, आणि तिच्या दोन बोटं वर एक फिकट.

“ताई ओढ धरायच्या आधीच उठली होती,” धाकटी म्हणाली. “मला माहीत होतं. लोकर मी आत आणली. दिवा मी लावून ठेवला. यात तिचं काही नाही काका, हे सगळं माझं आहे.”

काकांनी अंधारात चाचपडत आपल्या सहीचा कागद पुढे ओढला.

“दिवा असू दे म्हणालीस तेव्हाच मला कळलं होतं, पोरी,” ते म्हणाले. “तरी मी सही केली. तेव्हा तुझं एकटीचं म्हणू नकोस.”

मालकीणबाईंना बोलावलं. दोघांनी त्यांना सगळं सांगितलं. त्या भडकतील असं मला वाटलं होतं. त्यांनी खुर्ची ओढली, दोन रेघांकडे पाहिलं आणि विचारलं की हे तिथे पोचलं असतं तर. त्या महिन्यात गेलेला प्रत्येक नग त्यांनी परत मागवला आणि अंधारात मोजायला लावला. बाकी सगळे निर्दोष निघाले. इस्पितळाला त्यांनी स्वतः फोन करून उशीर होईल म्हणून सांगितलं, आणि का होईल तेही सांगितलं. फोन ठेवल्यावर त्या म्हणाल्या की बाहीची लोकर आपल्यालाही दिसली होती.

फोडायचं काम धाकटीने मागून घेतलं. मला लोखंडी पाटावर ठेवलं. तिने हातोडी उचलली. मी तयार होतो, खरंच होतो. पण हात वरच राहिला. मालकीणबाईंनी पुढे होऊन तिच्या हातून हातोडी काढून घेतली आणि म्हणाल्या, फोडून काय, एक चूक लपेल. नव्या मुलींना दाखवायला एक तरी नग हवाच. घराला लाल रंग मारा, म्हणजे हा दाराबाहेर जाणार नाही.

अशी माझी नेमणूक शिकवणीच्या टेबलावर झाली. धाकटीने माझं घर पुन्हा सरळ केलं, म्हणजे मी जसा आहे तसा दिसू लागलो. ठळक रेघ खुणेच्या दोन बोटं खाली, आणि भूत बरोबर खुणेवर. गेली सहा वर्षं ती दर नव्या मुलीला माझ्यासमोर बसवते, दिवे घालवते आणि विचारते, खरी कोणती? कुणी ठळक रेघेकडे बोट करतं, कुणी खुणेवरच्या. एकही नाही, असं ती सांगते. एक बाई ओढ धरायला चुकली, एक बाई लोकर घालून आत आली, आणि त्या दोघीही मीच, असं म्हणते. मुली हसतात. तिचा चेहरा पाहून मग पुन्हा भिंतीकडे बघतात.

पहिल्याच आठवड्यात मोजणीकाकांनी तिला एक गोष्ट सांगितली होती. मला लावलं की प्रत्येक वेळी तो तंतू थोडा जळतो. रोज लावलंस तर एक दिवस उरणार नाही. जपायचा असेल तर लावू नकोस, डबीत ठेव. धाकटीने मला डबीत ठेवलं. महिनाभर मी पुन्हा अंधारात होतो. ती दुपारी येऊन डबीवर हात ठेवायची आणि आत ताई आहे असं समजून निघून जायची. त्या महिन्यात नव्या मुलींपैकी एकीने ओढ न धरताच दिवा दाखवला. मोजणीत पकडलं गेलं म्हणून बरं. ती मुलगी रडत म्हणाली की मला कुणी दाखवलंच नव्हतं. धाकटीने त्याच वेळी डबी उघडली, मला लावलं आणि तिला जवळ बोलावलं. त्यानंतर तिने मला कधी झाकलं नाही.

त्याचा अर्थ तुम्हाला कळतो ना? दर शिकवणीला ती आपल्या बहिणीचा उरलासुरला तंतू जाळत होती, आणि जाळणारा मी होतो. मला तो जळताना जाणवायचा. अगदी किंचित गरम लागायचं. भूत दर वर्षी थोडं फिकट होत गेलं. आधी काकांना दिसेनासं झालं, पण त्यांचे डोळे म्हातारे होते. मग मुली पुढे वाकून पाहू लागल्या. धाकटीला मात्र ते नेहमी पहिल्या झटक्यात दिसे.

गेल्या महिन्यात एक नवी मुलगी आली, जाड चष्म्याची, धीट. धाकटीने दिवे घालवले आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

“मावशी,” मुलगी म्हणाली, “रेघ एकच आहे.”

धाकटीने दिवे लावले, पुन्हा घालवले. मग ती भिंतीपाशी गेली आणि खुणेवर बोटं टेकवून उभी राहिली. तिथे काहीच नव्हतं. मुलीला काय झालं ते कळेना. ती बिचारी भाबडेपणाने विचारत राहिली, की पण मावशी, एकच आहे तर मग ती खुणेवर का नाही, खाली का?

“ती ओढ आहे,” धाकटी म्हणाली. तिने बोटं भिंतीवरून काढली नव्हती. “ती जात नाही. तिच्यापुरती जागा आधीच सोडायची असते. बस इथे, दाखवते.”

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुम्ही पुढे काहीही करा, खुर्च्या करा, पूल बांधा, औषधं बनवा, पण हातातलं काम दिवे घालवून एकदा पाहत जा. त्या टेबलावर कोण पडणार आहे ते तुम्हाला माहीत नसतं, आणि तो मात्र तुमच्यावर भरवसा टाकून निवांत पडलेला असतो. आणि गेलेल्या माणसावर माया असेल तर त्याने अर्धवट ठेवलेलं काम हलवायला भिऊ नका. ते पुरं करा. थोरली परत आली असती तर तिने पहिल्यांदा मला हलवलंच असतं.

खुणेवर आता कुणी नाही. मी अजून दोन बोटं खालीच आहे.